एक व्यक्ती, हसत आहे, फुले

"ऐकते मुआ सगळं. ऐकते अन् गप बसते. तोंडात जसा काही खर्रा कोंबला आहे."

निखत हे फोनला बोलली, पण खोलीच एवढी होती की फोनला सांगितलेलं शिलाई मशीनलाही ऐकू जायचं. फरजानाचा पायडलवरचा पाय थांबला. कोणाच्या तरी ब्लाउजच्या काखेत सुई अर्धी रुतून राहिली.

"मुआ नको म्हणू," ती म्हणाली.

"काहून? तू अब्बाले दिवसातून दहा डाव म्हणतं."

"मी म्हणतो. त्याच्यासाठी इतके वर्षं भाकऱ्या थापल्या, मले हक आहे. तू नको म्हणू."

निखत हसली. मुआ म्हणजे मेला, पण घरात ती लाडाचीच शिवी. तिला वाटलं, अम्मी शुभमची बाजू घेते आहे. फरजानाने सुई वर घेतली, पुन्हा खाली घातली, आणि पुढची शिवण काही सरळ गेली नाही.

शुभमला जाऊन तेव्हा आठवडा होत आला होता. निखत सोडून ते सगळ्यांना माहीत होतं.

निखतला जन्मापासून दिसत नाही. उजेड कुठल्या बाजूने येतो, तेवढं कळतं. अमरावतीच्या कॉलेजात ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, राहायला होस्टेलवर, आणि आता दिवाळीच्या सुट्टीत अकोल्याला, अकोट फैल वस्तीतल्या घरी आलेली. तिचा फोन पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो. त्या आवाजाला घरात 'फोनमधली बाई' म्हणतात. बाई मोठी हुशार. इतक्या भरभर वाचते की अब्दुल रहीमला, म्हणजे निखतच्या अब्बाला, त्यातला एक शब्द कळत नाही आणि निखतचा एक सुटत नाही. लिहिलेलं काहीही द्या, बाई वाचते.

पण हल्ली लिहितं कोण, हाच तर घोळ आहे. वर्गाच्या ग्रुपवर टाइमटेबल येतं ते फळ्याचा फोटो होऊन. नोट्स येतात त्या कोणाच्या तरी वहीचा फोटो होऊन, वहीवर अंगठ्याची सावली. सुट्टीची नोटीस, सहलीची नोटीस, वाढदिवस, साखरपुडा, सगळ्याचे बॅनर. असं काही समोर आलं की बाई म्हणते, "फोटो," आणि गप बसते. अब्दुल रहीमने मागच्या ईदला नवा फोन घेऊन दिला, त्यातली बाई थोडी अंदाज बांधते. "दोन व्यक्ती, झाड, आकाश." इंग्रजी ठळक अक्षरं असली तर ओढूनताणून वाचतेही. मराठीची वेलबुट्टीवाली अक्षरं दिसली की मात्र नुसतं "मजकूर" म्हणते. काय मजकूर, ते ज्याचं त्याने समजून घ्यावं.

पहिल्या वर्षी परीक्षेची खोली बदलली. नोटीस ग्रुपवर आली, अर्थातच फोटो होऊन. निखत जुन्या खोलीत जाऊन बसली. बराच वेळ तिला वाटत राहिलं की आज सगळे फारच शांत आहेत. शेवटी एक मुलगा तिला शोधत आला आणि दारातूनच म्हणाला, "चाल बाई, तिकडं पेपर शिळा होऊन राहिला."

तो शुभम. अंजनगाव सुर्जीचा.

त्या दिवसापासून ग्रुपवर फोटो पडला की पाठोपाठ शुभमचा आवाज निखतच्या फोनवर यायचा. क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारखा. या प्रकाराला त्याने नाव दिलं होतं, आँखों देखा हाल. "नमस्कार श्रोतेहो. मैदानात आलेला आहे आपल्या प्रियदर्शनीचा वाढदिवसाचा बॅनर. केक तीन माळ्यांचा. प्रियदर्शनी मधात, गॉगल लावून, जशी काही उन्हात केक कापून राहिली. डाव्या कोपऱ्यात एका काकाचा फोटो. हा काका कोन, कोनालेच माहीत नाही, पण हर बॅनरात हजर असते." कधी सगळी नोट वाचून दाखवायचा, स्वल्पविरामासकट. मध्येच आईने हाक मारली की तीही त्यात रेकॉर्ड व्हायची. "आलो माय," म्हणायचा, आणि पुन्हा वाचायला लागायचा.

वर्गातल्या बाकीच्यांना हे फार सोयीचं झालं. आधी एखादी प्रियदर्शनी फोटोखाली दोन ओळी लिहायची तरी. मग "शुभम सांगते न तिले" म्हणून तेही बंद पडलं. ते काम इतकं सुरळीत चाललं की ते कोणीतरी करतं आहे, हेच सगळे विसरून गेले.

फरजाना विसरली नव्हती. मशीनशी बसल्या बसल्या तिने ते आवाज इतके ऐकले होते की शुभमला सर्दी झाली तरी तिला कळायचं. निखत त्याला भाई म्हणत नव्हती, हेही तिच्या ध्यानात आलं होतं. ध्यानात आलेलं ते तिने बॉबिनींच्या डब्यात घालून झाकण लावून ठेवलं होतं. वेळ आली की बघू.

वेळ वेगळीच आली. वसुबारसेला शुभमला ताप भरला. डेंग्यू. अंजनगावहून अमरावतीला नेलं, पेशी उतरत गेल्या, आणि तो गेला.

त्याच्या चुलतभावाचं, किशोरचं, अंजनगावच्या स्टँडवर फ्लेक्सचं दुकान आहे. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये वाढदिवसाचे बॅनर आणि श्रद्धांजलीचे बॅनर शेजारी शेजारी असतात. दोन्हींना फोटो एकच लागतो, हसरा. दोन्हींना कडेने फुलं. मधला मजकूर तेवढा बदलायचा. किशोरने रडत रडत भावाचा बॅनर केला आणि आता आपल्याकडे जशी रीत पडली आहे तसा तो शुभमच्याच फोनवरून स्टेटसला ठेवला. मयताच्या फोनवरून ठेवलं की त्याच्या ओळखीतल्या सगळ्यांना एकाच फटक्यात कळतं. कोणाकोणाला फोन करत बसावं लागत नाही.

अकोल्याला फोनमधली बाई म्हणाली, "शुभमचे स्टेटस. फोटो. एक व्यक्ती, हसत आहे, फुले, मजकूर."

निखतने लगेच बटण दाबून आवाज पाठवला. "काय रे, फुलंबिलं लावून हसून राहिला? दिवाळीत लग्न उरकून टाकलं का? मले पत्ता नाही. अन् इतके दिवस होता कुठं? पहिले आँखों देखा हाल पाठव, मग बोलतो तुयाशी."

फरजाना तेव्हा फॉलचे टाके घालत होती. ती हसली होती. आईला सांगायचं नाही आणि लग्न करायचं म्हणजे काय, असं काहीतरी म्हणालीसुद्धा.

दुपारी तिच्या फोनवर प्रियदर्शनीचा फोन आला. "काकू, बाजूला जा. निखत जवळ नाही न?" फरजाना दाराबाहेर ओट्यावर गेली. "काकू, शुभम ऑफ झाला." पुढे नुसतं रडणं. मग, "निखतले तुमी सांगा. आमच्यानं नाही होत. तुमी आई आहे."

तोवर ग्रुपवरही बॅनर पडला होता आणि त्याखाली जो तो हात जोडलेली चित्रं टाकत होता. आत खोलीत बाई वाचत होती, "जोडलेले हात. जोडलेले हात. जोडलेले हात." निखतने ग्रुपवर विचारलं, "इतके हात कोणाले जोडून राहिले रे सगळे?"

एकाही पोराची बोटं चालेनात. मग प्रियदर्शनीने लिहिलं, "अगं, देवाचा फोटो आहे." बॅनर तिथून काढून टाकला, आणि निखतला वगळून दुसरा ग्रुप काढला, रडायला. तिच्या भल्यासाठी. जुना ग्रुप तसाच राहिला, त्यात कोणी काही टाकेना.

फरजानाने ठरवलं, जेवण झालं की सांगू. उपाशीपोटी असलं ऐकू नये. जेवण झालं. मग ठरवलं, निखतचे अब्बा येऊ दे.

अब्दुल रहीमचं गाद्या-रजया भरायचं दुकान. थंडीच्या तोंडावर त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. डोक्यात कापूस घेऊन घरी आला, ऐकलं, आणि खाटेवर बसला. "मी कसा सांगू? मले रजईचा भाव सांगता येते. तिच्या कॉलेजच्या सरले सांग. शिकलेल्या माणसापाशी शब्द असतात."

फरजानाने निखतच्या विभागातल्या उत्तमराव सरांना फोन लावला. सर खरंच हळहळले. म्हणाले, "बाई, सुट्टीनंतर लगेच अंतर्गत परीक्षा आहे. ती होऊ द्या. आत्ता सांगितलं तर तिचं वर्ष जाईल. तोवर मी प्रियदर्शनीशी बोलून ठेवतो. मैत्रिणीकडून कळलेलं बरं." प्रियदर्शनीने पुन्हा फरजानाला फोन केला. "काकू, सर म्हणते मी सांगू. मी कशी सांगू?"

असा तो निरोप अकोल्याहून अमरावतीला, अमरावतीहून अकोल्याला फिरत राहिला. प्रत्येकाने तो पुढच्याच्या हातात दिला आणि प्रत्येकाकडे कारण चांगलंच होतं. खोटं बोलावं असं कोणाच्याच मनात नव्हतं. फक्त आजचा दिवस टळावा, एवढंच.

इकडे निखत शुभमला रोज आवाज पाठवत होती. चिडून, चिडवून, कधी सरळच विचारून. आणि प्रत्येक वेळी थोड्या वेळाने बाई सांगायची, "ऐकले."

फरजाना मान वर करून फोनकडे बघायची. ऐकतं कोण?

एकदा निखत न्हायला गेली असताना फरजानाने तिच्या फोनमधून नंबर घेतला आणि ओट्यावर जाऊन आपल्या फोनवरून लावला. पलीकडे एका बाईने उचलला.

"कोन बोलते?"

"मी अकोल्याहून बोलतो. निखतची अम्मी."

पलीकडे भांडी घासायचा आवाज येत होता, तो थांबला. "ते भांडते ते पोरगी? तिची आई का तुमी?" मग म्हणाली, "मी जयवंता. शुभमची माय."

मयताच्या घरी फोन करून तुम्ही माझ्या मुलीचे निरोप का ऐकता, असं कोणत्या तोंडाने विचारायचं? पण जयवंताच बोलली.

"मीच ऐकतो बाई. किशोरनं दाबाचं दाखवून देल्लं. माफ करजा, दुसऱ्याचं ऐकू नये, समजते मले. पण इथं येते तो मले म्हणते, शुभम असा होता, शुभम तसा होता. दिवसभर होता, होता, होता. तुमची पोरगी एकटीच त्याले म्हणते, कुठं आहेस रे तू. शिव्या देते त्याले. मेलेल्याले कोनी शिव्या देते का?"

"ताई, तिले अजून सांगितलं नाही आम्ही."

"समजलं मले ते. म्हणूनच त ऐकतो." एक भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "साऱ्या दुनियेत एका त्या पोरीपाशी तो जित्ता आहे."

ओट्यासमोरून एक भंगारवाला ओरडत गेला.

"सांगावं त लागन, ताई," फरजाना म्हणाली.

"सांगजा. मी नाही कुठं म्हणतो. तेरवी होऊ द्या. तेरवीपर्यंत माणूस घरातच राह्यते म्हणते. तेरवी झाली का सांगजा."

आणि फरजानाने शब्द दिला. ज्या बाईचं पोर गेलं तिने एवढंसं मागितलं, तर नाही कसं म्हणायचं? घरात येऊन ती मशीनवर बसली. निखत ओले केस झटकत बाहेर आली आणि म्हणाली, "कोणाशी बोलून राहिली होती?" फरजाना म्हणाली, "गिऱ्हाईक."

दोन दिवस गेले. निखतच्या आवाजातली चीड कमी होत गेली, आणि फरजानाला ते चिडण्यापेक्षा वाईट वाटलं. पोरगी कोपऱ्यात बसून राही. फोन हातात, पण बटण दाबत नसे. फरजाना मशीनला तेल घालत होती तेव्हा ती एकदम म्हणाली, "अम्मी, मी लोकायच्या गळ्यात पडतो का?"

"कोण म्हणते?"

"कोणीच नाही म्हणत. म्हणूनच विचारून राहिली. ग्रुपात म्या हातांचं विचारलं, तेव्हापासून सारे बंद. एक फोटो नाही, एक बोल नाही. मी खोलीत आली अन् सारे उठून गेले, असं वाटते."

"कोणी नाही उठलं."

"अन् शुभम. तो ऐकते अम्मी, सगळं ऐकते. उत्तर नाही देत." ती फोन उलटा-सुलटा करत होती. "इतके दिवस तो हर फोटोले बोलला. म्या एक डाव बी नाही विचारलं, तुले वेळ आहे का रे. त्याले परीक्षा होती तेव्हा बी मले नोट वाचून पाहिजे होती. कंटाळला असन. माणूसच आहे. सांगाची हिंमत नसन होत, म्हणून गप आहे."

फरजानाच्या हातातली तेलाची कुपी कलंडली. कापडावर डाग पसरत गेला, परक्याच्या पोपटी पॉपलीनवर. तिने तो पुसलाही नाही.

"निखत."

"हं?"

ते तिच्या जिभेवर आलं होतं. नुसतं तोंड उघडायचं. पण तिला अंजनगावातली ती बाई दिसली, जिला तिने कधी पाहिलं नव्हतं. भांडी बाजूला सारून, पदराला हात पुसून, बटण दाबणारी.

"चहा ठेवू?" फरजाना म्हणाली.

निखतने नको म्हणून मान हलवली. मग म्हणाली, "मी कॉलेज सोडतो, अम्मी. बाहेरून परीक्षा देतो. सरले अर्ज देऊन येऊ. होस्टेलचं सामान बी आणू."

त्या संध्याकाळी अब्दुल रहीमने पहिल्यांदा आवाज चढवला, पण तो बायकोवर. तो बाहेर ओट्यावर, दबक्या आवाजात. "हे काय चाललं? पोट्टी समजून राहिली का लोकं तिले कंटाळले. याच्यापेक्षा मौत बरी, मौतीचं दुःख त खरं असते. सांगून टाक."

"म्या शब्द दिला."

"मग मी सांगतो."

तो तावातावाने आत गेला. निखत म्हणाली, "काय अब्बा?" तो म्हणाला, "काही नाही बेटा. गाडीचे तिकीट काढून ठेवतो."

कॉलेज उघडायच्या दिवशी मायलेकी सकाळच्या गाडीने निघाल्या. उद्या तेरवी होती. फरजाना मनात घोकत होती, आज नाही, उद्या सांगायचं, उद्या परतीच्या गाडीत. मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा एक ओळखीचा पेरूवाला डब्यात चढला. निखत एरवी त्याच्याशी भाव करते, घासाघीस तिला आवडते. आज तिने तोंड खिडकीकडे केलं.

कॉलेजच्या विभागात पाय ठेवताच निखत थांबली. "अगरबत्ती लावली का?"

खोलीत उत्तमराव सर होते, प्रियदर्शनी होती, आणखी पाच-सात पोरं-पोरी भिंतीला टेकून उभी होती. सकाळी त्यांची शोकसभा झाली होती. निखत दुपारच्या गाडीने येईल असं त्यांनी धरलं होतं. टेबलावर पांढरं कापड, त्यावर शुभमचा फोटो, झेंडूचा हार.

फरजानाने त्याला पहिल्यांदा पाहिलं. आवाजावरून तिने उंच पोरगा धरला होता. हा तर चांगला गोलमटोल, एक दात दुसऱ्यावर चढलेला, आणि हसत होता. निखतचा हात टेबलाच्या कडेला लागला होता. आणखी वीतभर पुढे गेला असता तर हाराला लागला असता.

"सरस्वतीपूजन होतं," सर म्हणाले. "सुट्टीनंतरचं पहिलं. बस निखत. बाई, बसा न. चहा सांगतो."

"सर, मी अर्ज आणला आहे. कॉलेज सोडून राहिली."

"असं कसं? सोडायचं कशाला? आम्ही आहोत ना सगळे."

निखतने अर्ज सरांच्या आवाजाच्या दिशेने पुढे धरला. ते सगळ्यांना लागलं. भिंतीशी उभ्या पोरांनी माना खाली घातल्या. मग तिने विचारलं, "शुभम आला का?"

शेवटी प्रियदर्शनी म्हणाली, "नाही आला अजून."

फरजानाने तिच्याकडे पाहिलं. पोरीने ओढणीचं टोक दातात धरलं होतं आणि डोळ्यांनी फरजानाला विनवत होती, तुमी बोला. फरजाना सरांकडे पाहत होती. सर फोटोकडे.

"बरं झालं," निखत म्हणाली. "तोंडावर बोलता नसतं आलं." तिने फोन काढला, बटण दाबलं आणि सगळ्यांसमोर बोलली. आवाज खाली ठेवायची तिला गरज वाटली नाही. या लोकांपासून आता लपवायचं काय होतं?

"शुभम, मी कॉलेज सोडून राहिली. तुयावर राग नाही. सगळ्यांचं काम तू एकट्यानं केलं, अन् म्या तुले विचारलं बी नाही. कंटाळा येणारच. मले आधीच सांगितलं असतं त मी हसून सोडून दिलं असतं, खरं सांगतो. आता नाही त्रास देत. हे बी ऐकून घेजो, मग नंबर काढून टाक."

तिने बोट उचललं. आवाज गेला.

बाहेर कोणीतरी सायकल स्टँडवर लावली. मग बाई म्हणाली, "ऐकले."

निखतने फोन टाकायला पिशवी उघडली, आणि तो वाजायला लागला. बाई नेहमीच्या आवाजात सांगत होती, "शुभम, कॉल. शुभम, कॉल."

प्रियदर्शनी भिंतीशी खाली बसली. निखतच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघवेना म्हणून सर खिडकीकडे वळले. फरजानाला मात्र नजर काढता आली नाही. लहानपणी रेल्वे फाटकाशी गाडीची शिटी ऐकून ही पोर अशीच उजळायची.

निखतने फोन उचलला. तो नेहमी स्पीकरवरच असायचा.

"हं, बोल. आता बोलशीलच."

पलीकडे गर्दी होती. कोणीतरी स्वयंपाकाची मोठी गंजं सरकवत होतं, बायकांचे आवाज होते. मग दार लावल्यासारखा आवाज आला आणि सगळं दूर गेलं.

"पोरी, मी शुभमची माय बोलतो."

"काकी?" निखत गोंधळली. "काकी, शुभम कुठं आहे? रागावला का माझ्यावर?"

"नाही रागावला. अन् कंटाळला बी नाही. हे पहिले आयकून घे. दवाखान्यात सलाईन लावेल हातानं फोन मागे तो. म्हने, तिले फोटो आला असन, कोनी सांगतलं नसन." जयवंताला दम लागला होता. "तू बोलत होती ते मी आयकत होतो इतके दिवस. मीच. तुया अम्मीले म्याच थांबवलं, तिच्यावर नको रागावू. म्या म्हटलं, उद्या तेरवी आहे, तवरक राहू द्या. मले बरं वाटे तुयं आयकून. पण तू त माया पोरावर भलतंच घेऊन राहिली."

"तेरवी?" निखत म्हणाली. "कोणाची?"

खोलीतल्या सगळ्यांनी तो प्रश्न ऐकला. फरजानाने पुढे होऊन लेकीचा दंड धरला.

"शुभम मेला, बेटा," जयवंता म्हणाली. "दिवाळीतच मेला."